तीन रुपयांचा कैफ

सोलापूर जिल्ह्यातून अल्कोहोल टँकरनं बाहेर पडतं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात. त्यातल्या कित्येकांच्या शेजारी डिस्टिलरी उभी आहे, आणि मळीपासून निघालेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्यांकडे रवाना होतं. 'सी हेवी' म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या मळीच्या इथेनॉलला केंद्र सरकारनं 2024-25 साठी लिटरमागे 57 रुपये 97 पैसे दर ठरवून दिला होता. आता बिअर शॉपीतली 650 मिलीची स्ट्राँग बाटली घ्या. 8 टक्के म्हणजे तिच्यात 52 मिली अल्कोहोल. कारखान्याच्या दरानं त्याची किंमत होते तीन रुपये.

हिशेब थोडा चावट आहे, कबूल. बिअरमध्ये अल्कोहोल बाहेरून कोणी ओतत नाही, टाकीतलं यीस्ट ते जागेवरच तयार करतं. पण 'झीरो पॉइंट झीरो' लिहिलेला बिनअल्कोहोलच्या बिअरचा कॅन हातात घेऊन गिऱ्हाईक जो सवाल टाकतं, 'दारूच काढून घेतलीय, मग पैसे कसले लावता?', त्याचं निम्मं उत्तर या तीन रुपयांत आहे. वजा केलेली चीज मुळातच स्वस्त होती. महाग आहे ते तिला वजा करणं, आणि तिच्या माघारी चव सांभाळणं.

भाव ब्रँडप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतात, म्हणून हिशेबापुरतं धरू की 330 मिलीचा बिनअल्कोहोलचा कॅन शंभराला आणि 650 मिलीची नेहमीची बाटली दोनशेला पडते. लिटरमागे दोन्ही तीनशेच्या घरात. वरवर बरोबरी, पण इथे एक मेख आहे. नेहमीच्या बिअरच्या दोनशेत राज्य उत्पादन शुल्क आणि व्हॅट यांचा मोठा वाटा असतो. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्याचा कर राज्य घेतं. बिनअल्कोहोलची बिअर कायद्याच्या लेखी शीतपेयांच्या पंगतीला बसते. तिच्यावर आधी 18 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. शंभर रुपयांच्या कॅनमधले साडेअठ्ठावीस रुपये करापोटी जातात. कैफ नाही म्हणून करात सवलत मिळेल, असं कोणाला वाटत असेल तर ते विसरावं.

कर बाजूला ठेवला तरी खर्च उरतोच, आणि तो समजायचा तर बिअर होते कशी ते पाहावं लागेल. बार्ली भिजवून तिला मोड आणतात, मोड वाढायच्या आत भट्टीत सुकवतात. हा झाला माल्ट. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात घातला की हे एन्झाइम पिठाची साखर करतात, मुख्यतः माल्टोज. हे गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळलं की कडवटपणा उतरतो. मग गार करून यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल नि कार्बन डायऑक्साइड सोडतं. जाताजाता ते आणखी शेकडो सुवासिक रेणू बनवतं. त्यातलं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे पिकल्या केळ्याचा वास. बिअरची 'बिअर' होते ती या रेणूंमुळे.

आता अल्कोहोल टाळायचं तर दोन वाटा: होऊच द्यायचं नाही, किंवा झाल्यावर काढायचं.

पहिली वाट सोलापूरकरांच्या ओळखीची आहे. झाडावरून पहाटे उतरवली की नीरा, उन्हं चढली की ताडी. रस तोच, मध्ये फक्त यीस्टला मिळालेले काही तास. म्हणून नीरा केंद्रावर ती गारच ठेवतात आणि सकाळीच विकतात. बिअरवालेही हेच करतात: यीस्ट घालायचं, पण टाकी शून्य अंशाच्या आसपास ठेवायची, नाहीतर आंबणं सुरू होताच थांबवायचं. स्वस्तातली पद्धत, पण तिचा एक दोष जिभेला लगेच कळतो. माल्टच्या गोड पाण्यात अल्डिहाइड नावाचे काही वासाचे रेणू असतात. त्यातल्या मेथिओनलला उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. नेहमीच्या बिअरमध्ये यीस्ट आंबवताना हे रेणू मोडून टाकतं, आणि थोडेफार उरलेच तर अल्कोहोल त्यांना द्रवात धरून ठेवतं, नाकापर्यंत फारसं येऊ देत नाही. अर्धवट आंबवलेल्या बिअरमध्ये यीस्टनं काम पुरं केलेलं नसतं आणि धरून ठेवायला अल्कोहोलही नसतं. 'कच्च्या पिठासारखी लागते' ही तक्रार आपण ऐकतो, ती यामुळे.

दुसरी वाट महागडी. हवेच्या नेहमीच्या दाबाला अल्कोहोल 78.4 अंशांना उकळतं. बिअर तेवढी तापवली तर तिचा काढा होईल. म्हणून पंपानं हवा काढून दाब कमी करतात. दाब एक दशांशावर आला की पाणीसुद्धा 46 अंशांना उकळायला लागतं (सोलापूरच्या मे महिन्यापेक्षा दोन-तीन अंशच वर), अल्कोहोल तर त्याच्या बरंच आधी. बिअर न भाजता अल्कोहोल निघून जातं. पण सुवासिक रेणू अल्कोहोलपेक्षाही उतावळे. केळ्याचा वास सगळ्यात आधी पळतो. तो वेगळा पकडून परत बिअरमध्ये घालायला आणखी यंत्र लागतं.

याच वाटेवरची पडद्याची पद्धत सोलापुरात समजावून सांगणं फार सोपं आहे, कारण चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या गावात आरओ सगळ्यांना ठाऊक. तेच तंत्र. दाब देऊन बिअर पडद्यावर ढकलायची. पाण्याचा आणि अल्कोहोलचा रेणू लहान, ते पार जातात. रंग, प्रथिनं, कडवटपणा, जड साखरा अलीकडे राहतात. घरच्या आरओत जे गाळून खाली येतं ते आपण पितो. इथे जे अडकून वर राहतं ते विकतात. गेलेलं पाणी मागाहून भरून काढायचं, पुन्हा ढकलायचं, पुन्हा भरायचं. वीज, पाणी, वेळ, सगळं नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त, कारण आधी पूर्ण बिअर बनवण्याचा खर्च झालेलाच असतो.

आणि एवढ्यावर भागत नाही. अल्कोहोल म्हणजे बिअरचा राखणदारही. आंबटपणा, हॉप्स, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल मिळून रोगजंतूंना थारा देत नाहीत. राखणदार गेला, त्यात थोडी साखर उरलेली असली, की साल्मोनेला आणि ई. कोलायसारख्या जंतूंना मोकळं रान. म्हणून भरलेले कॅन गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून पाश्चराइझ करताना नेहमीपेक्षा जास्त उष्णता द्यावी लागते. तीन रुपयांची चीज गेली, तिच्या जागी यंत्र, वीज आणि ऊन पाणी आलं. शिवाय खप कमी, त्यामुळे हा खर्च थोड्याच कॅनवर वाटला जातो.

दुकानात मात्र या सगळ्या कष्टाची बाटली आणि बिनकष्टाची बाटली शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि दोघींवर मोठ्या अक्षरात 'नॉन-अल्कोहोलिक'. ओळखायची कशी? मागचं बारीक अक्षर वाचा. पाणी, बार्ली माल्ट, हॉप्स एवढंच असेल तर ती बहुतेक खऱ्या बिअरच्या वाटेनं केलेली. कार्बोनेटेड पाणी, साखर, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, आम्लता नियंत्रक, फ्लेवर अशी जत्रा असेल तर तो माल्टच्या वासाचा सोडा. त्यात वाईट काही नाही, पण त्याला बिअरचा भाव देण्याचं कारण नाही. दुसरी खूण ग्लासात. काठाशी टेकवून हळू ओता आणि मिनिटभर पाहा. बार्लीची प्रथिनं आणि हॉप्सचे कडू रेणू एकमेकांना धरून बुडबुड्याभोवती जाळी विणतात; फेस पांढरा, दाट, आणि बसताना ग्लासाच्या भिंतीवर नक्षी सोडतो. सोड्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, चुरचुर करत क्षणात जमीनदोस्त.

आता आकर्षणाकडे येऊ. स्ट्राँग बिअर पिणारा बहुतेक वेळा चवीला पैसे देत नाही, किकला देतो. भारतात स्ट्राँग बिअरचाच खप जास्त आहे. त्या गिऱ्हाइकाला 0.0 चा कॅन दाखवणं म्हणजे निव्वळ थट्टा, आणि त्याच्या नजरेतून ती बरोबरच आहे: किकमागे किती रुपये हा त्याचा हिशेब असतो, आणि शून्यानं भागाकार होत नाही. ज्याला किक नकोच आहे त्याचं गणित वेगळं. सोलापूर हैदराबाद आणि विजापूरच्या महामार्गांवरचं गाव. इथे गाडी चालवणारे कमी नाहीत. पूर्व जर्मनीत 1972 साली 'आउबी' नावाची बिअर काढली होती ती खास वाहनचालकांसाठी. पुढे 1979 मध्ये पश्चिम जर्मनीत क्लाउस्थालर आली आणि हा प्रकार नीट रुळला.

'अल्कोहोलविरहित' म्हणजे शून्यच असं नाही, हेही सांगायला हवं. भारतात 0.5 टक्क्यांच्या वर गेलं की मद्य. त्याखालच्या पेयात थोडा अंश असू शकतो. जर्मनीत 67 जणांना अशी 0.4 टक्क्यांची बिअर तासाभरात दीड लिटर पाजून रक्त तपासलं, तेव्हा सगळ्यात जास्त आलेलं प्रमाण 100 मिलीमागे 6 मिलिग्रॅमच्याही खाली होतं. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा 30 मिलिग्रॅमची. ज्यांना धर्मानं किंवा औषधामुळे थेंबही चालत नाही, त्यांनी 0.0 लिहिलेलंच घ्यावं.

परवान्याची भानगडही इथे नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, बिअरला वय 21. कॅन मात्र किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी मिळतो, आषाढीच्या ड्राय डेलाही. कंपन्यांना यात आणखी एक फायदा दिसतो: दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, त्याच नावाच्या बिनअल्कोहोलच्या पेयाचं नाव मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवता येतं. त्यामुळे या कॅनकडे मी थोडं जाहिरातीचा फलक म्हणूनही पाहतो.

चवीचं आकर्षण मेंदूत कुठे बसतं यावर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात 2013 साली एक देखणा प्रयोग झाला. 49 पुरुषांना त्यांच्या आवडीची बिअर नुसती जिभेवर फवारली, पंधरा मिनिटांत सारी 15 मिली. एवढ्यात नशा चढणं शक्यच नाही. तरी मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामाइन, म्हणजे मेंदूत सुखाची ओढ लावणारं रसायन, वाढलेलं दिसलं, आणि ज्यांच्या घरात दारूच्या व्यसनाचा इतिहास होता त्यांच्यात ते जास्त उसळलं. म्हणजे कैफाची नुसती चाहूलसुद्धा मेंदूला पुरते. ज्याला चारचौघांत ग्लास हातात हवा आहे, चखण्याबरोबर काहीतरी कडू, गार हवं आहे, त्याला ही चांगली बातमी. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला हाच कॅन 'निरुपद्रवी' म्हणून पुढे करू नये, हेही त्यातूनच निघतं. मधुमेह असणाऱ्यांनी कर्बोदकांचा आकडा वाचावा. अल्कोहोलच्या ग्रॅममागच्या 7 कॅलरी गेल्या तरी माल्टोज रक्तातली साखर झपाट्यानं चढवतं.

किंमत खाली यायची शक्यता कुठे आहे? मला ती यीस्टमध्ये दिसते. सॅकरोमायकोडेस लुडविगी आणि पिचिया क्लुव्हेरी ही यीस्टं माल्टोज खाऊच शकत नाहीत. ती थोडंसं ग्लुकोज खातात, सुवास तयार करतात, बटाट्याचे अल्डिहाइड बऱ्याच अंशी मोडतात आणि थांबतात. निर्वात यंत्र नको, पडदा नको. नेहमीच्या टाकीत काम होतं. छोट्या ब्रुअरीलाही परवडेल असं हे तंत्र आहे.

कच्चा माल तरी इथला वापरता येईल का? बार्ली मुख्यतः राजस्थान आणि उत्तरेकडून येते, आणि आपल्याकडे आहे ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. नायजेरियानं 1988 मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या ब्रुअरी ज्वारीवर वळल्या, बिअरसाठीही आणि बिनअल्कोहोलच्या माल्ट पेयांसाठीही. अडचण पिठाची आहे. ज्वारीचं स्टार्च फुलायला सत्तर अंशांच्या आसपास किंवा वर उष्णता लागते, आणि साखर करणारे एन्झाइम त्याच तापमानाला मरायला लागतात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून, गार करून, मग तिच्यात बाहेरून एन्झाइम घालावे लागतात. ग्लुटेन नसल्यानं ती गव्हा-बार्लीची बाधा असणाऱ्यांनाही चालते. फेस मात्र बार्लीइतका टिकत नाही.