‘वॉट’ आणि वेद

‘डे म्हणजे दिवस, बघा, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली!’ अशा अर्थाचे मेसेज सतत फिरत असतात. डे आणि दिवस यांचं नातं काहीच नाही. ध्वनी जुळले म्हणून शब्द जुळले असं समजणं हे हात बघून भविष्य सांगण्यापैकीच आहे. खरं नातं बघायचं असेल तर इंग्रजीतलं एक विसरलेलं क्रियापद घ्या: वॉट. ‘काय’ विचारणारं वॉट वेगळं. या वॉटचा अर्थ ‘जाणणे’. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये अबीमलेख राजा अब्राहामाला सांगतो, ‘आय वॉट नॉट’, हे कोणी केलं ते मला ठाऊक नाही. ‘गॉड वॉट’ म्हणजे तर आपलं ‘देव जाणे’.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे रूप ‘वाट’ होतं आणि गॉथिक या इंग्रजीच्या आता लुप्त झालेल्या नातलग भाषेतल्या, चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये ‘वैट’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822मध्ये दाखवलं, की जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक वगैरे) मूळचा द हा ट होतो: दोन-टू, दहा-टेन. (‘डे’ इथेच नापास होतो: दिवसमधल्या द-चा ट व्हायला हवा होता.) मग वैटमधल्या ट-च्या जागी द ठेवा आणि संस्कृतात ‘ऐ’चा ‘ए’ होतो हे लक्षात घ्या. हाती येतं ‘वेद’! ग्रंथाचं नाव नव्हे, त्याच विद् धातूचं क्रियारूप: अहं वेद, मी जाणतो.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. एकवचनात वेद, पण ‘आम्ही जाणतो’ म्हणताना विद्म. गॉथिकमध्ये वैट, पण विटुम. एकवचनात आघात धातूवर पडतो, म्हणून स्वर भरीव राहतो. अनेकवचनात आघात प्रत्ययावर सरकतो आणि धातूचा स्वर आक्रसून ‘इ’ उरतो. शिवाय हे रूप मुळात ‘पाहिलं आहे’ या अर्थाचं. पाहिलं आहे, म्हणून जाणतो. चकार (केलं), ददर्श (पाहिलं) या भूतकाळी रूपांत धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं, ते वेदमध्ये होत नाही. रूप लिट्-चं (भूतकाळाचं), अर्थ लट्-चा (वर्तमानकाळाचा), ही गंमत पाणिनीने ‘विदो लटो वा’ या सूत्रात नोंदवली आहे. असा आडमुठेपणा दोन भाषांत जसाच्या तसा योगायोगाने येत नाही.

मग संस्कृत आई का नाही? कारण ग्रीकमध्ये हेच रूप ‘ओइदा’ आहे. तिथे व गळला, पण जुना ‘ओइ’ टिकला. संस्कृतात त्याचा ‘ए’ झाला. ‘ए’मधून तो हरवलेला ‘ओ’ ग्रीकांना परत कुठून मिळणार? तेव्हा या सगळ्या बहिणी.

ऋग्वेदातलं नासदीय सूक्त ‘यदि वा न वेद’ (किंवा जाणत नसेलही) या शब्दांवर संपतं. जुन्या इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधीच येई. ‘न वेद’ तिथे ‘ने वाट’ होतं, आणि दोन्ही शब्द जोडून बोलताना नुसतं ‘नाट’.