दरडोई तेलाचा आकडा म्हणजे पोटात गेलेलं तेल नव्हे

‘देशात दरडोई खाद्यतेलाचा पुरवठा दुप्पट झाला, म्हणजे प्रत्येक माणूस दुप्पट तेल खाऊ लागला’ असा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. वाचून काळजी वाटणं साहजिक आहे, पण त्यातला ‘म्हणजे’ चुकतो.

हा आकडा कुणाच्या ताटात डोकावून काढलेला नसतो. देशातलं उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात. साठ्यातला चढउतार धरायचा. साबण, रंग, जैवइंधनाकडे गेलेलं तेल वगळायचं आणि उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. ही झाली उपलब्धता. तळण संपल्यावर कढईत उरलेलं, काळं पडलं म्हणून फेकून दिलेलं तेलही त्यात धरलेलंच असतं.

पडताळायचं कसं? समजा आकडा दरडोई वर्षाला २० किलो आहे; म्हणजे दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम, जवळजवळ ४९० कॅलरी. हा आकडा त्याच देशाच्या आहार-सर्वेक्षणाशेजारी, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय खाल्लं याच्या पाहणीशेजारी, ठेवून बघा. आलेखात एकाच वर्षात मोठी उडी दिसली, तर मोजणीची पद्धत तेव्हा बदलली होती का, हे आधी तळटीपेत शोधा. लोक एकमेकांना पाठवतात त्या आलेखाच्या चित्रातून ही तळटीप अनेकदा कापलेली असते.

गेल्या काही दशकांत अनेक देशांत तेलाची उपलब्धता वाढली, हे मात्र खरंच आहे.