निन्टेंडोची कॅसेट साध्या स्क्रू ड्रायव्हरने का उघडत नाही: गेमबिट, ट्राय-विंग आणि टॉर्क्समागची गोष्ट

जुना गेम कन्सोल उघडायला घेतला की सर्किटपर्यंत पोचायच्या आधीच माणूस अडतो तो स्क्रूवर. घरातला चार फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन सुपर निन्टेंडो उलटा केला तर सहा खोल भोकं दिसतात आणि आत डोकावलं तर खाचच नाही, उलट मधून एक कंगोऱ्याचं डोकं वर आलेलं, ज्याला गेमबिट म्हणतात. मग लोक ऑनलाइन बत्तीस नाहीतर चौसष्ट बिट्सचा, म्हणजे ड्रायव्हरला लावायच्या टोकांचा, सेट मागवतात आणि त्यातले दोनतीनच कामाला येतात. माझं म्हणणं असं की हे स्क्रू उगाच विचित्र नाहीयेत, प्रत्येकाच्या मागे त्या त्या वेळी कंपनीने घेतलेला एक निर्णय आहे, आणि तो कळला की कुठल्या मशीनला कुठली बिट हे फारसं पाठ करावंच लागत नाही.

सुरुवात फुलीपासूनच करावी लागते. अमेरिकेत जॉन थॉम्प्सन नावाच्या माणसाने फुलीच्या खाचेचं डिझाइन केलं, ते ओरेगनच्या हेन्री फिलिप्सने विकत घेतलं, सुधारलं आणि १९३६ मध्ये पेटंट मिळवलं. त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या कारखान्यात हे स्क्रू वापरायला घेतले, कारण ड्रायव्हर आपोआप मध्यभागी बसतो, त्यामुळे मशीनने भराभर आवळता येतं. पण या फुलीला उतार आहे, जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकून बाहेर निघतो आणि तेच दोनचार वेळा झालं की डोकं गुळगुळीत. जपानने मात्र स्वतःच्या औद्योगिक मानकात, म्हणजे जेआयएसमध्ये, फुलीचा वेगळा आकार ठरवला. दिसायला सख्खी भावंडं, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत टेकत नाही, वरच राहतं, आणि जुना घट्ट बसलेला स्क्रू असेल तर पहिल्याच पिळात कडा खाल्ल्या जातात. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो त्यावरून ओळखता येतात, सगळ्यांवर नसतो. आता बघा, निन्टेंडो, सेगा, सोनी तिघेही जपानचे, त्यामुळे त्यांच्या मशीनच्या आत बोर्डाला, शील्डला (बोर्डावरच्या पत्र्याच्या आवरणाला) लागलेले "साधे" स्क्रू पुष्कळदा या जपानी फुलीचे असतात. म्हणून गेमबिटच्या आधी मी कुणालाही एक चांगला जेआयएस ड्रायव्हर घ्या असंच सांगेन, तो फिलिप्सच्या स्क्रूतही छान बसतो, उलटं मात्र होत नाही.

जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल आला तेव्हा लपवाछपवी काहीच नव्हती. कन्सोलला फुलीचे स्क्रू, कॅसेट तर नुसती प्लास्टिकच्या लॉकवर बंद. आत कुलूप-चिपसुद्धा नाही. आणि म्हणूनच त्याच्या नकला जगभर झाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात जे टीव्ही गेम आले, ज्यांच्या कॅसेटवर "९९९९ इन १" लिहिलेलं असायचं, ते बहुतेक याच फॅमिकॉमचे क्लोन, साठ पिनांची तीच कॅसेट. ते बिघडले की गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला त्याच्या रोजच्या ड्रायव्हरने उघडायचा, बटणाखालचं रबर पुसायचा, वायर जोडायचा आणि परत द्यायचा. आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणांना गेमबिट हे नाव तिशी-चाळिशीत पहिल्यांदा ऐकायला मिळालं त्याचं कारण हेच, आपल्या हातात जे मशीन होतं त्याला ते लागतच नव्हतं.

अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, वाटेल त्याने वाटेल तसले गेम काढून दुकानं भरली होती, लोकांचा विश्वास उडाला. निन्टेंडो १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उतरली ती हा धडा शिकूनच. एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन अवतारात, त्यांनी टेन-एनईएस नावाची कुलूप-चिप घातली, एक कन्सोलमध्ये, एक कॅसेटमध्ये, दोघींचं आपापसात जुळलं नाही तर मशीन दर सेकंदाला रीसेट होत राहतं आणि लाल दिवा उघडझाप करतो. म्हणजे कॅसेटच्या आत आता असं काहीतरी होतं जे कुणी बघू नये असं कंपनीला वाटत होतं. पण गंमत अशी की सुरुवातीच्या अमेरिकन कॅसेट पाच साध्या चपट्या खाचेच्या स्क्रूंनी बंद केलेल्या आहेत, हे बघणाऱ्यांना आजही नवल वाटतं. पुढे डिझाइन बदललं, वरच्या बाजूला प्लास्टिकचे लॉक, स्क्रू तीनच, आणि ते तीन म्हणजे ३.८ मिलिमीटरचे कंगोरेवाले. जुन्या कॅसेट जमवणारे लोक "पाच स्क्रूवाली" आणि "तीन स्क्रूवाली" असा फरक अजूनही करतात.

हाच तो गेमबिट. याचं खरं नाव लाइन-हेड, गेमबिट हे नाव गेमवाल्यांनी पाडलेलं. नेहमीच्या स्क्रूत ड्रायव्हर आत जातो, इथे स्क्रूचं डोकं ड्रायव्हरच्या आत जातं, म्हणजे हा ड्रायव्हर खरं तर एक छोटा पाना आहे, आतून सहा कंगोऱ्यांचा. डोकं बाहेर आलेलं म्हणजे पक्कडीने धरता येईल असं वाटतं, पण ते अरुंद भोकाच्या तळाशी असतं, पक्कड तिथे पोचत नाही, आणि खाच नसल्यामुळे चपटं टोकही अडकवता येत नाही. फार विचार करून निवडलेला आकार आहे हा. लहान मुलांनी उघडू नये, बाहेरच्या मेकॅनिकने उघडू नये, नकली गेम बनवणाऱ्यालाही जरा त्रास व्हावा, सगळं एका स्क्रूत. नकली गेमवाले मात्र स्क्रूमुळे थांबले नाहीत. अटारी गेम्सच्या टेंगेन या गेम कंपनीने तर कुलूप-चिपचा कोडच अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण देऊन मिळवला, आणि त्या खटल्यात १९९२ मध्ये अपील कोर्टाचा निकाल निन्टेंडोच्या बाजूने गेला. अडला तो सामान्य माणूसच.

आणि मशीन उघडायची गरज खरी होती. एनईएसमध्ये कॅसेट आत सरकवून खाली दाबायची असते, त्या बहात्तर पिनांच्या कनेक्टरची पकड सैल पडते, मग कुलूप-चिपला दुसऱ्या चिपचा सिग्नल नीट पोचत नाही आणि तोच लाल दिवा सुरू. सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली, आपणही क्लोनमध्ये मारली, पण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात. खरा उपाय म्हणजे उघडून कनेक्टर साफ करणं नाहीतर बदलणं, आणि बरेच जण चिपची चौथी पिन कापून कुलूपच बंद करतात. एनईएसचा डबा फुलीच्या स्क्रूंचाच आहे त्यामुळे इथे सोपं जातं, कॅसेट साफ करायची तर मात्र ३.८.

सुपर फॅमिकॉम १९९० चा, त्याचा अमेरिकन सुपर निन्टेंडो १९९१ चा, आणि इथून कन्सोललाही कंगोरे आले, आकार मोठा, ४.५ मिलिमीटर. नियम सोपा आहे: कॅसेट ३.८, मशीन ४.५. सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४, गेमक्यूब तिन्ही ४.५ ने उघडतात, त्यांच्या कॅसेट (गेमक्यूबला डिस्क, ते सोडा) आणि जुन्या गेम बॉयच्या कॅसेट ३.८ ने. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या कॅसेटलाही ३.८ चालते, कारण हा स्क्रू काही निन्टेंडोच्या मालकीचा नव्हता. अमेरिकन सुपर निन्टेंडोच्या कॅसेटच्या खाचेत प्लास्टिकचे दोन छोटे दांडे आहेत, जपानी कॅसेट बसू नये म्हणून, बाकी खेळ चालायला काही अडचण नाही. ते दांडे काढून टाकण्यासाठी किती जणांनी पहिल्यांदा ४.५ ची बिट विकत घेतली असेल!

त्या काळात बिट मिळायची नाही तेव्हा लोक प्लास्टिकच्या बॉलपेनचं टोक लायटरने मऊ करून स्क्रूवर दाबून धरायचे, थंड झालं की त्याच आकाराचा साचा तयार. चालतं हे, नाही असं नाही, पण वितळलेलं प्लास्टिक भोकात चिकटून बसतं आणि घट्ट स्क्रूला पेन पिळून जातं. आज दोन्ही मापांच्या बिट्स स्वस्तात मिळत असताना हे करू नये.

बिट घेताना लोक माप बघतात आणि लांबी विसरतात. गेमक्यूब २००१ चा, त्याचे चार स्क्रू इतक्या खोल आणि अरुंद भोकात आहेत की आखूड बिट होल्डरला लावली तर होल्डरच तोंडाशी अडतो, पाव इंची षटकोनी दांडा भोकापेक्षा जाड पडतो. म्हणून ४.५ ची तरी लांब, बारीक, एकसंध दांड्याची घ्यावी, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. आणि अगदी स्वस्त ओतीव धातूची घेऊ नये, आतले कंगोरे दोन स्क्रूतच झिजतात आणि मग आपण बिट फिरवतोय, स्क्रू जागच्या जागी.

हातातल्या मशीनसाठी, आणि पुढे बाकीच्यांसाठीही, निन्टेंडोने दुसरा रस्ता घेतला, तीन फाट्यांचा ट्राय-विंग. गेम बॉयचं घराणं, गेम बॉय ॲडव्हान्स, २००४ चा डीएस, गेमक्यूबचा कंट्रोलर, २००६ चा वी (Wii) आणि त्याचा रिमोट, २०१७ चा स्विच, सगळीकडे तोच, फक्त मापं बदलत गेली. खरं बघायला गेलं तर मूळ ट्राय-विंग हा फिलिप्स कंपनीचा, विमानांच्या कामातला, त्याच्या तीन खाचा मध्यावर मिळत नाहीत, जरा बाजूला सरकलेल्या असतात. निन्टेंडोच्या स्क्रूच्या तिन्ही खाचा सरळ केंद्रात येऊन मिळतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. म्हणून बिट्सवर वाय०, वाय१ असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला तेच घ्यायचं असतं, स्विचला तर त्याहून बारीक वाय००. विमानवाली बिट यात जबरदस्तीने घातली तर खाच फाटते. हे स्क्रू मऊ धातूचे आणि बारीक, त्यामुळे माप एका नंबरने जरी चुकलं तरी डोकं जातं, मला विचाराल तर गेमबिटपेक्षा ट्राय-विंगच जास्त मशीनं खराब करतो.

मायक्रोसॉफ्ट २००१ मध्ये एक्सबॉक्स घेऊन आली ती अमेरिकन कारखान्याच्या सवयी घेऊन. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉनने काढला, तो मुळात लपवण्यासाठी नव्हताच, फुलीसारखा ड्रायव्हर बाहेर घसरू नये आणि जोर पूर्ण लागावा म्हणून होता, गाड्यांमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आधीच रुळलेला, ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशला टी१५ मापाचा होता. एक्सबॉक्सचा डबा टी२० ने उघडतो, सहा स्क्रू, काही रबरी पायांखाली आणि काही स्टिकरखाली, आत हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हला टी१०. जुना एक्सबॉक्स कुणाकडे असेल तर तो खेळा न खेळा, पण उघडून बघाच, कारण त्यातल्या घड्याळाचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गळतो आणि बोर्डावरच्या रेघा खातो, फक्त शेवटच्या १.६ आवृत्तीत ही भीती नाही.

सोनीचं उलट. १९९४ चा प्लेस्टेशन फुलीचा. पण प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या वेळी टॉर्क्सच्या मधोमध एक खुंटी उभी केली, म्हणजे साधी टॉर्क्स बिट आत जाणार नाही, भोक असलेलीच लागते, आणि त्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर. घेताना म्हणून भोकवालीच टॉर्क्स घ्या, ती साध्यालाही चालते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना पत्रं पाठवून सांगितलं की "स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द" ही अट तिथल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यात बसत नाही, त्या सहांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो तिघंही होते. त्यानंतरच्या, २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी (जादा साठवणुकीची ड्राइव्ह) बसवायची जागा सोनीने स्वतः साध्या फुलीच्या स्क्रूने बंद केली आहे आणि ते कसं उघडायचं हे कंपनीच सांगते. इच्छा असेल तर होतं.

आता हे सगळं घाईचं का झालंय, तर बॅटऱ्यांमुळे. एनईएस आणि सुपर निन्टेंडोच्या ज्या कॅसेटमध्ये खेळ सेव्ह होतो त्यांत सीआर२०३२ ची बटण बॅटरी वेल्ड केलेल्या पट्ट्यांनी (टॅबनी) बोर्डाला डाखलेली आहे, गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५, ॲडव्हान्सच्या रुबी-सफायरमध्ये सीआर१६१६, पण तिथे ती फक्त घड्याळासाठी. गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर, म्हणून त्या लवकर संपतात, आणि संपल्या की सेव्ह केलेलं सगळं जातं. कुणाच्या तरी दहाव्या वर्षाची अख्खी सुट्टी त्या चिपमध्ये असते हो. आधी सेव्ह उतरवून घ्यायचं, मग कॅसेट उघडता आली तर टॅब लावलेली नवी बॅटरी डाखून बसवता येते. न गळता नुसती संपली असेल तर ठीक, गळली तर बोर्डही जातो, म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

बंद करताना एक करा. हे स्क्रू प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसलेले असतात, नुसते घालून पिळले तर नवे आटे पडतात आणि दोनदा असं झालं की भोक सैल. स्क्रू ठेवून आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मगच सुलटा, तोही बोटांच्या जोरावर, मशीनने नाही. आणि हल्ली कंगोऱ्यांच्या जागी घालायला साध्या फुलीचे स्क्रू सेटमध्ये मिळतात, रोज उघडझाप होणाऱ्या कन्सोलला ते घाला खुशाल, पण कॅसेटचे मूळ स्क्रू टाकू नका, पुढे कुणाला ती खरी की नकली हे बघायचं झालं तर तो पहिल्यांदा तेच बघेल.