चार फूट टाइल्स, पाच फूट ओल

गेल्या श्रावणात बेळगावच्या शहापुरात काकीकडं गेलो, तर चहा टाकायच्या आधी तिनं मला भिंतीसमोर उभं केलं. सोप्याच्या भिंतीला चार फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स आणि त्यांच्या वर वीतभर रुंदीचा ओलीचा पिवळट पट्टा. "दोन वर्षांमागं ओल गुडघ्याएवढीच होती रे. दिसू नये म्हणून टाइल्स लावल्या, तर ही डोक्यावर चढून बसली की."

सल्ले दोन मिळाले होते. गवंडी म्हणाला, "सहा फुटांपर्यंत घेऊया की काकी टाइल्स." दुसऱ्या एकानं ईशान्येचा जलदोष काढून तांब्याचा पिरॅमिड दिला. पिरॅमिड टीव्हीवर आहे. त्याच्या मागची भिंतही ओलीच आहे.

मी आयुष्यभर अकरावीला केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीतून किंवा छिद्रातून पाणी आपसूक वर चढणं, शिकवलं. त्यामुळं हा विषय माझ्या हाती लागला की आवरत नाही, हे आधीच सांगतो.

आधी ओल कुठली ते ठरवावं. हातभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. दोन दिवसांनी पाणी फॉइलच्या बाहेरच्या अंगाला दिसलं तर ते खोलीतल्या दमट हवेचं, आतल्या अंगाला दिसलं तर भिंतीचं. काकीच्या फॉइलमागं थेंब लोंबत होते.

भिंत जांभ्याची, दीड फूट जाडीची, मातीत बांधलेली. जोत्यावर पाणी अडवणारा थर नाही. त्या काळी नसायचाच. शिवाय काकी लग्न होऊन आली तेव्हा घराला तीन पायऱ्या होत्या. दर डांबरीकरणाला गल्लीतला रस्ता वर येत गेला आणि आता एकच पायरी उरलीय. म्हणजे भिंतीचा तळ पावसाळाभर ओल्या मातीत.

आता पाणी वर का चढतं? दिव्यात वात तेल चढवते, त्याच कारणानं. पाण्याला दगडाच्या पृष्ठभागाची ओढ असते आणि त्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाला ताण असतो. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. सूत्र असं: उंची म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट, भागिले घनता, गुरुत्वत्वरण आणि नळीची त्रिज्या यांचा गुणाकार. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ०.०७२ न्यूटन. त्रिज्या १ मिलिमीटर घेतली तर पाणी दीड सेंटिमीटर चढतं. ०.०१ मिलिमीटर घेतली तर दीड मीटर. ०.००१ घेतली तर जवळपास १५ मीटर!

आणि जांभ्यात, मातीत, विटेत एवढी बारीक छिद्रं असतातच. मग ओल छपरापर्यंत का जात नाही? गंमत इथंच आहे. वर चढणारं पाणी वाटेत दोन्ही बाजूंनी उडून जात असतं. भिंत खालून जेवढं पिते तेवढंच अंगावरून वाळवते, त्या उंचीवर ओल थांबते. गणित मांडलं तर ही उंची बाष्पीभवनाच्या दराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आणि भिंतीच्या जाडीच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात येते. बाष्पीभवन चौथाईवर आणलंत, तर ओल दुप्पट उंच जाणार. (वर्गमूळ नको असेल त्यांनी एवढंच धरावं: वाळणं कमी, चढणं जास्त.)

काकीनं नेमकं तेच केलं होतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट, आतून टाइल्स. दोन्ही दारं बंद झाल्यावर पाणी उघडी जागा शोधत टाइल्सच्या वर गेलं. सहा फुटांपर्यंत टाइल्स लावल्या असत्या तर पट्टा आणखी वर दिसला असता.

जाता जाता सांगतो, शहापूर-वडगावच्या विणकरांना ओल वैरीण वाटत नसे. सुती धागा दमट हवेत अधिक बळकट होतो, कमी तुटतो. खड्ड्याच्या मागावर बसणाऱ्याला जमिनीचा दमटपणा सोयीचाच होता. आता त्या खोलीत प्लायवूडचं कपाट ठेवायचं म्हटलं की भांडण सुरू.

पण पाण्यापेक्षा जास्त नुकसान पाण्यातलं मीठ करतं. त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं की कापसासारखी पांढरी भुकटी हाताला लागते, तो लोणा. काही क्षार मातीतून येतात. या भिंतीपलीकडं पूर्वी म्हैस बांधायचे. तिच्या मूत्रातल्या नत्राचं जिवाणू नायट्रेट करतात, आणि जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी सोरा मिळवायचे तो असल्याच मातीतून. सिमेंटही आपला वाटा आणतं. ते फार लवकर आवळू नये म्हणून त्यात जिप्सम दळलेलं असतं. त्यातलं सल्फेट आणि सिमेंटमधलं सोडियम यांची गाठ पडली की सोडियम सल्फेट तयार.

हा क्षार फार खोडकर. कोरड्या उन्हाळ्यात तो निर्जल असतो. वळवाच्या पावसानं हवा दमट झाली की तो एका रेणूमागं पाण्याचे दहा रेणू पकडतो आणि त्याचं आकारमान तिपटीहून अधिक होतं. द्रावणात हा बदल ३२.४ अंश सेल्सिअसला होतो, म्हणजे आपल्या बेळगावच्या उन्हाळ्यातली भिंत ही रेषा सारखी ओलांडत असते. स्फटिक पृष्ठभागावर झाले तर केरसुणीनं झाडता येतात. गिलाव्याच्या मागं झाले तर ते त्याला आतून ढकलतात. काकीच्या बाहेरच्या भिंतीचा ताटाएवढा तुकडा निखळून पडला होता. उलटा करून पाहिला, तर सिमेंटला जांभ्याची तांबडी साल चिकटून आलेली. गिलावा सुटताना दगडाची कातडी घेऊन गेला.

पोत्यावरच्या ५३ या आकड्यावर लोक भाळतात. त्या सिमेंटचा प्रमाणित ठोकळा २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन दाब सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. स्लॅबला, खांबांना ते उत्तम. पण मऊ, सच्छिद्र भिंतीवर गिलावा भिंतीपेक्षा कमकुवतच हवा. झिजायचं तर त्यानं झिजावं, दगडानं नव्हे. चुन्याचा गिलावा तसा असतो. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विझवला की विरलेला चुना होतो, आणि भिंतीवर तो हवेतला तोच वायू परत घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. त्याची छिद्रं उघडी राहतात, वाफ बाहेर पडते. जुने गवंडी घाण्यात चुना मळताना गूळ घालायचे, त्यातही रसायन आहे: साखरेमुळं चुना पाण्यात जास्त विरघळतो.

नात्यातल्या एका इंजिनियरनं सुचवलं, जोत्यात भोकं पाडून पाणी अडवणारं रसायन भरा. ते तंत्र खरं आहे, पण मातीत बांधलेल्या ओबडधोबड भिंतीत रसायन सलग पसरेल याची हमी कोण देणार?

आम्ही टाइल्स काढल्या, बाहेरचं सिमेंट छिन्नीनं उतरवलं, भिंतीलगत चर खणून खडी भरली आणि चराला गटाराकडं उतार दिला. मग थांबलो. भिंत वाळायला इंचाला एक महिना, असा ठोकताळा आहे; दीड फुटाला दीड वर्ष. काकी म्हणाली, "तोवर पाहुण्यांना काय सांगू?" गवंडी म्हणाला, "सर, चुन्यानं सावकाश होतंय ओ, मला पुढचं काम आहे की." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवून, पट्टा खाली आल्यावर, एकास तीन चुना-वाळूचा गिलावा केला आणि वरून चुन्याचीच सफेदी. यंदा ओल गुडघ्याच्या खाली आहे. गेलेली नाही, रस्ता काही खाली आला नाही.

टाइल्स वाया गेल्या नाहीत. काकीनं त्या परड्यात भांडी घासायच्या जागेला बसवून घेतल्या. तिथं पाणी वरून पडतं.