वडिलांचे कर्ज, मुलांची जबाबदारी : बेळगाव सीमाभागातील पार्श्वभूमी

‘बापाचं देणं पोरानं फेडायचं’ हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अजून कायदाच असल्यासारखे ऐकवले जाते. एके काळी हिंदू कुटुंबांसाठी तो कायदा होताही. बापाला ऋणातून सोडवणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानले जाई, आणि जुन्या मुंबई इलाख्यात तर वारशाने दमडी मिळाली नसली तरी मुलाच्या स्वतःच्या कमाईवर सावकार हक्क सांगू शकत असे. १८६६ मध्ये इलाख्यापुरता कायदा करून ही जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली गेली. बेळगाव तेव्हा इलाख्यात होते. शहापूर मात्र सांगली संस्थानात असल्याने इंग्रजी मुलखाचा कायदा तिथे आपोआप चालत नव्हता. सावकारांनी ही सुटका कुणाला आपणहून सांगितली नाही, यात नवल नाही. मुसलमान कुटुंबांत हा प्रश्न वेगळाच : आधी मयताच्या मालमत्तेतून देणे, मग वाटण्या.

वडिलोपार्जित जमिनीवरची टांगती तलवार मात्र राहिली. बाप जिवंत असेपर्यंत मुलाचे हे कर्तव्य सुरूच होत नाही, असे विलायतेतल्या अपील न्यायपीठाने (प्रिव्ही कौन्सिलने) १९१७ मध्ये म्हटले आणि १९२३ मध्ये स्वतःच ते फिरवले. त्यानंतर बापाच्या हयातीतही मुलाचा हिस्सा लिलावात जाऊ लागला. कर्ज जुगारासारख्या अनैतिक किंवा बेकायदा कामासाठी काढले होते, हे दाखवले तर सुटका. पण ते सिद्ध करायचे मुलानेच. भर कोर्टात बापाला जुगारी ठरवायची हिंमत किती जण करणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. कर्जमाफी बहुधा राज्याची असल्याने कोल्हापूरकडची घोषणा निपाणीच्या शेतकऱ्याला उपयोगी पडत नाही. हिंदू वारसाहक्काचा कायदा मात्र त्याच वर्षी केंद्राने केला, त्यामुळे तो सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.

खरा गोंधळ या वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने झाला. ९ सप्टेंबर २००५ नंतर वडील, आजोबा, पणजोबांच्या कर्जासाठी ‘केवळ’ पवित्र कर्तव्य या कारणावरून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर कारवाई करण्याचा हक्क कोर्टाने मान्य करायचा नाही, असे ठरले. ‘कर्ज आता मुलाकडे येत नाही’ ही समजूत इथूनच पसरली. ‘केवळ’ हा शब्द मात्र बहुतेकांनी वाचलाच नाही. कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याने काढलेले कर्ज एकत्र मिळकतीवर बसतेच. गहाण टाकलेली जमीन गहाणातून सुटत नाही आणि उताऱ्यावरचा बोजा वारसा नोंदीने पुसला जात नाही. बापाची मालमत्ता हाती आली असेल, तर तिच्या किमतीपुरती वसुली आजही होते. शिवाय त्या तारखेआधीच्या कर्जांना जुनाच नियम ठेवला, तोही तारखेआधी जन्मलेल्या किंवा दत्तक घेतलेल्या मुला-नातवंडांपुरता. म्हणजे एकाच घरात थोरल्यावर दावा चालेल आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्या धाकट्यावर चालणार नाही, अशी स्थिती येऊ शकते. दुरुस्ती चांगली होती, पण ती कुणी नीट समजावून सांगितली नाही.

त्याच दुरुस्तीने मुलींना जन्मतः समान हिस्सा दिला. कर्नाटकाने १९९४ मध्येच तो दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. हिश्श्याबरोबर देणेही येते, हे बहिणींना सहसा हक्कसोडपत्रावर सही मागतानाच ऐकवले जाते. बापाची काहीच मिळकत हाती न आलेल्या बहिणीकडून वसूल करण्यासारखे काही नसते, हे मात्र कुणी बोलत नाही.

आज मुलगा अडकतो तो बहुधा स्वतःच्या सहीने. बाप गेल्यावर सोसायटीत, म्हणजे गावच्या सहकारी पतसंस्थेत, ‘नवं-जुनं’ करताना जुनी बाकी मिटवून नवे कर्ज मुलाच्या नावे पडते, आणि मग ते त्याचे स्वतःचे देणे होते. त्याने आधीच जामीनदार म्हणून सही केली असेल, तर बाप हयात असो वा नसो, संस्था थेट त्याच्या दारी येऊ शकते. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली जाते.