बुचासारखी तरंगणारी कासवं

1813 साल. अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. एका पहाटे प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ ‘एसेक्स’ या अमेरिकी युद्धनौकेवरच्या खलाशांना आजूबाजूला भलीमोठी कासवं तरंगताना दिसली. पन्नासेक तरी असतील. ही जमिनीवरची कासवं, त्यांना पोहता कुठलं येणार! बुचासारखी पाण्यावर हेलकावत, लांब माना जमेल तितक्या वर ताणून ती होती तिथेच पडून होती. काही दिवसांपूर्वी याच एसेक्सनं देवमासे पकडणाऱ्या ब्रिटिश जहाजांचा पाठलाग केला होता. लढायची वेळ आली तर डेक मोकळा हवा, म्हणून त्या जहाजांवरच्या लोकांनी शेकडो कासवं समुद्रात लोटून दिली होती. एसेक्सचा कप्तान डेव्हिड पोर्टर यानं हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

जहाजांवर इतकी कासवं आली कुठून? गॅलापागोसचं महाकाय कासव अन्नपाण्याशिवाय वर्षभरही जगू शकतं. शरीरातली चरबी हळूहळू जाळत, मूत्राशयात साठवलेलं पाणी वापरत ते तग धरतं. खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खाऊन कंटाळलेल्या खलाशांना दोन-तीन वर्षांच्या सफरीत याहून सोयीचं ताजं मांस मिळणार नव्हतं. कासवं उचलायची, जहाजाच्या पोटात एकावर एक रचायची आणि लागेल तेव्हा एकेक काढायचं. चारा नको, पाणी नको. ज्या गुणावर हा प्राणी कोरड्या बेटांवर टिकला, तोच त्याच्या जिवावर उठला, हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

जहाजं मात्र तिथे यायची ती स्पर्म व्हेल या देवमाशासाठी. या भागात खोल समुद्रातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर मासे आणि माकुळ, आणि माकुळांमागे स्पर्म व्हेल. त्याच्या डोक्यातल्या मेणासारख्या तेलाच्या मेणबत्त्या धूर न करता जळत, म्हणून त्याला मोठा भाव होता. युद्धात असं जहाज पकडलं की शत्रूचा माल जातो आणि आपल्याला अन्न, दोरखंड, शिडाचं कापड, सगळं आयतं मिळतं. पोर्टर घरापासून हजारो मैल दूर होता. त्याचं गलबत पोसलं ते या लुटीनंच.

शिकार सापडली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. गॅलापागोसमधल्या फ्लोरियाना बेटावर खलाशांनी टपालपेटी म्हणून एक पिंप ठेवलं होतं. जाणाऱ्यानं पत्र टाकायचं, घरच्या वाटेला लागलेल्यानं ते न्यायचं. पोर्टरच्या माणसांनी तिथली पत्रं आणली, आणि कोणती ब्रिटिश जहाजं या पाण्यात आली होती ते त्यातून उघड झालं. 29 एप्रिलला पहिली तीन हाती लागली: माँटेझुमा, जॉर्जियाना, पॉलिसी. पहिलं सकाळी मिळालं, मग वारा पडला. शिडाच्या जहाजाचा वारा पडला की तोफा असोत वा नसोत, ते जागचं हलत नाही. पोर्टरनं होड्या सोडल्या आणि माणसांनी वल्ही मारत जाऊन उरलेली दोन ताब्यात घेतली. काही महिन्यांत अशी बारा जहाजं त्याच्याकडे आली. ताब्यातल्या एका जहाजाची सूत्रं डेव्हिड फॅरागट या बारा वर्षांच्या पोराकडे दिली होती. पुढे तोच अमेरिकेचा पहिला अ‍ॅडमिरल झाला.

28 मार्च 1814 ला चिलीतल्या वालपराइसो बंदराजवळ एसेक्सचा शेवट झाला. तिच्यावर बहुतेक तोफा कॅरोनेड जातीच्या होत्या: आखूड, वजनाला हलक्या, 32 पौंडी गोळा फेकणाऱ्या, पण जवळूनच मारा करणाऱ्या. ब्रिटिश युद्धनौका ‘फीबी’ लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन दूरच उभी राहिली आणि तिथूनच गोळे टाकत राहिली.

पोर्टरच्या नोंदींतलं एक निरीक्षण मात्र टिकलं. फ्लोरियानाच्या कासवांची पाठ पुढून जाड आणि वर वळलेली, घोड्याच्या खोगिरासारखी. गॅलापागोसच्याच सॅंटियागो बेटावरची कासवं गोल आणि काळी. 1835 मध्ये गॅलापागोसला गेलेल्या डार्विननं हे निरीक्षण आपल्या प्रवासवर्णनात पोर्टरच्या नावानं दिलं आहे. बेटागणिक प्राणी का बदलतो, या प्रश्नाकडे नेणारा हा एक धागा. खोगिरासारख्या पाठीमुळे मान उंच नेता येते, आणि कोरड्या बेटावर निवडुंगाचा उंचावरचा पाला खाता येतो.

ज्या कासवांमुळे हे सुचलं, ती फ्लोरियानाची कासवं 1850 च्या सुमारास संपली. निदान तसं सगळे मानत होते. मग गॅलापागोसमधल्याच इसाबेला बेटाच्या उत्तर टोकाला, वुल्फ ज्वालामुखीच्या उतारांवर शास्त्रज्ञांना खोगीरपाठीची कासवं दिसली, जी तिथे असायलाच नको होती. त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांतला डीएनए संग्रहालयांतल्या जुन्या हाडांच्या डीएनएशी ताडून पाहिला. 2012 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार 1,600 हून अधिक कासवांपैकी 84 जणांच्या आईबापांत एक जण शुद्ध फ्लोरियानाचा होता, आणि त्यांतली तीस तर पंधरा वर्षांहूनही लहान होती. म्हणजे नामशेष मानलेली कासवं अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती, कदाचित आजही असतील. ती तिथे पोचली कशी? वजन कमी करायला किंवा डेक मोकळा करायला जहाजांनी पाण्यात फेकलेली कासवं बुचासारखी तरंगत जवळच्या किनाऱ्याला लागली असावीत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

2015 मध्ये वुल्फच्या उतारांवरून 32 कासवं निवडून जाळ्यांत घातली, हेलिकॉप्टरला टांगून खाली किनाऱ्याकडे उतरवली आणि सांताक्रूझ बेटावरच्या प्रजनन केंद्राकडे नेली. तो प्रवासही जहाजानंच झाला. या वेळी ती डेकवर होती ती फ्लोरियानाचं रक्त पुन्हा फ्लोरियानाला न्यायचं म्हणून.