रानजायफळाची राई आणि वरचा सडा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे एक देवराई आहे. क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर. आजूबाजूचे व्हाळ, म्हणजे ओढे, कोरडे पडतात तेव्हाही इथली जमीन ओली असते. ही रानजायफळाची, म्हणजे मिरिस्टिकेसी कुळातल्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल. शास्त्रज्ञांनी अशा दलदलींची नोंद १९६० साली दक्षिण केरळातून केली. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राईही याच प्रकारची. महाराष्ट्रात अशी दलदल पहिल्यांदा नोंदली गेली ती बांबर्ड्यात. सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, पण तोवर ती राखली होती गावाने आणि देवाच्या धाकाने.

दलदलीत झाडाची पहिली अडचण श्वासाची. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून या कुळातल्या काही झाडांची मुळं चिखलातून वर येतात, दुमडलेल्या गुडघ्यासारखी वळतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. वर आलेल्या भागावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. बांबर्ड्यातल्या मिरिस्टिका मॅग्निफिका या झाडाच्या बुंध्याला चोहोबाजूंनी आधारमुळं फुटलेली दिसतात.

हे सगळं चालतं ते बारमाही ओलाव्यावर, आणि तो ओलावा राईच्या आत तयार होत नाही. अशा दलदलीला पाणी पुरवतात ते वरचे डोंगरउतार आणि जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी दगडी पठारं. सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी मुरवून घेतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे खाली सोडत राहतो. मुरायला मात्र संथ, लांबलेला पाऊस लागतो. १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या, असं संशोधकांना आढळलं. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर पूर्वीपेक्षा अधिक चढउतार दाखवतो, हे त्यामागचं कारण. धो धो कोसळलेलं पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. त्यात सड्यावरची झुडपं काढून जेसीबी फिरवला, की उरलीसुरली मुरवणही संपते.

हवामान बदललं की वनस्पतींनी थंड, ओल्या जागेकडे सरकावं, अशी अपेक्षा असते. झाड स्वतः हलत नाही, पिढ्यान्‌पिढ्या सरकतं ते बी. रानजायफळाचं बी मोठं आणि नाजूक. वाळलं की मरतं. त्यामुळे इतर बियांसारखं ते सुकवून बियाणे बँकेत जपून ठेवता येत नाही. ताजं असतानाच ओल्या जागी रुजायला हवं. शिवाय या कुळात नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात, म्हणजे दिसणाऱ्या सगळ्याच झाडांना फळं धरत नाहीत.

हे बी लांब नेणाऱ्यांत महत्त्वाचा म्हणजे धनेश पक्षी, आपल्याकडचा ककणेर. फळ तडकलं की आत बियाभोवती लाल जायपत्री दिसते. धनेश ती बियासकट गिळतो, जायपत्री पचवतो आणि बी जसंच्या तसं ओकून टाकतो, कधी काही किलोमीटर लांब. विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि अरुंद फटीतून नर तिला फळं भरवतो. इतकी मोठी ढोली तरुण झाडात मिळत नाही. काजू, रबर, अननसाच्या लागवडीसाठी जुनं जंगल तुटतं तेव्हा या पक्ष्याचं घर जातं, आणि त्याबरोबर जायफळाच्या बियाचा प्रवासही थांबतो.

आणि बी नेलं तरी टाकणार कुठे? डोंगरउतारावर, उंचीवर अशी सपाट, पाणथळ जागा क्वचितच असते. खाली जिथे बारमाही पाणी आहे, तिथे बऱ्याच ठिकाणी आधीच कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, आणि भातशेती आहे.

म्हणून २.५९ हेक्टरभोवती कुंपण घालून राई वाचेल, असं मला वाटत नाही. तिच्या डोक्यावरचा सडा, तिला पाणी देणारे व्हाळ आणि ढोलीची जुनी झाडं हे सगळं मिळून तिचं खरं क्षेत्रफळ ठरतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणारी लोकजैवविविधता नोंदवही मिळाली आहे. दोडामार्गातल्या गावांनी त्या वहीत राईच्या झाडांसोबत सड्याची हद्द, झऱ्यांची ठिकाणं आणि धनेशाच्या ढोलीची झाडंही लिहून ठेवावीत. उद्या सड्यावर खाणीचा किंवा बागेचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.